पत्रे काढायच्या आधी हे वाचा

ती. आई-बाबा,
सा. न.

काल बाबा म्हणाले मागच्या पडवीचे सिमेंटचे पत्रे या मे महिन्यात स्वतःच काढणार, हातोडीने फोडून. फोनवर सांगितलं असतं तर "बरं बरं" म्हणून विषय बदलला असतात, म्हणून लिहितेय, आई तू मोठ्याने वाच.

इथे इंग्लंडमधे लीड्सला आमच्या ऑफिसचे जुने पाईप बदलायचे होते तर आधी सर्व्हे, मग पांढरे सूट घातलेली माणसं, अख्खा मजला प्लास्टिकने बंद. कशासाठी, तर पाईपवरच्या लॅगिंगमधे, म्हणजे उष्णता धरून ठेवायला गुंडाळलेल्या थरात, ॲस्बेस्टॉस. धाग्याधाग्यांचं खनिज आहे ते, तुमच्या त्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यांतही बहुधा तेच असणार. इथे १९९९ पासून पूर्ण बंदी आहे, तरी जुन्या बिल्डिंगांमधून अजून निघतंय. आणि मला एकदम तुमची बॉयलरची ड्युटी आठवली बाबा, इतकी वर्षं तेच लॅगिंग हाताने खरवडलंत, नाकाला फक्त रुमाल. आई, तू ते कपडे गॅलरीत झटकून मग भिजवायचीस ना? तो भुगा उडायचा आणि मी त्याला पीठ म्हणायचे.

ॲस्बेस्टॉसचे बारीक धागे श्वासातून आत जातात आणि तिथेच रुततात. त्याने होणारा एक कॅन्सर म्हणजे मेसोथेलिओमा, तो दिसायला २० ते ४० वर्षं, कधी जास्तही लागतात. आपल्या सुप्रीम कोर्टाने १९९५ ला ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांना कामगारांच्या तब्येतीचं रेकॉर्ड कमीत कमी ४० वर्षं ठेवायला सांगितलं ते उगाच नाही. बहुतेक वेळा तो फुप्फुसाच्या बाहेरच्या आवरणाला होतो, मग पाणी भरतं, दम लागतो, छातीत दुखतं. कमी जणांना पोटाच्या आवरणाला, हृदयाच्या आवरणाला तर अगदी क्वचित. त्यात पेशींवरून पण प्रकार असतात, एपिथेलिऑइड त्यातल्या त्यात औषधाला दाद देतो, सार्कोमॅटॉइड फार हट्टी, तिसरा दोन्हीची मिसळ, आणि हे बायोप्सी केल्याशिवाय कळत नाही. नुसत्या धुणं धुण्यामुळे बायकांना झाल्याच्याही केसेस आहेत, म्हणून आई तू पण.

घाबरवत नाहीये हां. धुळीत काम केलेल्या बहुतेकांना हा होत नाही. पण बाबा, जिना चढताना लागणारी धाप वयामुळेच असेल असं धरून चालू नका. छातीच्या डॉक्टरांकडे दोघंही जा आणि काम काय केलंत ते स्वतःहून सांगा, डॉक्टर विचारतीलच असं नाही. छातीत पाणी दिसलं की आपल्याकडे आधी टीबीच आठवतो, तुमच्या शिफ्टमधल्या काकांना सहा महिने टीबीच्याच गोळ्या चालू होत्या, आठवतंय ना. आणि बाबा, बिडी! मेसोथेलिओमाचा बिडीशी संबंध नाही, पण ॲस्बेस्टॉस अधिक बिडी म्हणजे फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कितीतरी पटीने वाढतो, तेव्हा नेहमीचं उत्तर देऊ नका.

आता पत्रे. धड पत्रा वर नुसता पडून असेल तर फारसं काही करत नाही, फोडला, कापला, ड्रिल मारलं की धूळ उडते. म्हणून हातोडी नाही, ग्राइंडर तर नाहीच. माहितगार माणूस बोलवा, पाणी मारून ओले ठेवा, हूक सोडवून अख्खे उतरवा, खालची धूळ झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि तुकडे अंगणात भर म्हणून टाकायचे नाहीत, मला माहितीये तुम्ही तेच ठरवलं असणार.

वर मंगलोरी कौलं घाला. किती लागतील ते मोजून सांगा, अर्धे पैसे मी पाठवते. आणि आई, डॉक्टरांची तारीख मिळाली की मला कळव, बाबांवर सोडू नकोस.

तुमची,
चिमी