मला कोण मत देणार, म्हणतेस?

प्रिय मैत्रिणी,

तुझा मेसेज सकाळीच वाचला. उत्तर मेसेजात मावणारं नव्हतं, म्हणून दुपारची भांडी तशीच ठेवून लिहायला बसलेय. शाळा व्यवस्थापन समितीसाठी पालकांनी तुझं नाव सुचवलं आणि तू म्हणतेस, "मला कोण ओळखतं? मला कोण मत देणार?"

एलिझाबेथ गॅरेट आठवते? आपली रखमाबाई १८८९ साली लंडनला डॉक्टरकी शिकायला गेली, तेव्हा त्या कॉलेजची डीन होती ती बाई. तिने एकदा स्कूल बोर्डाची, म्हणजे सरकारी शाळांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाची, निवडणूक लढवली होती, हे मला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हतं.

साल १८७०. लंडनमध्ये पहिल्यांदाच स्कूल बोर्ड निवडून द्यायचं होतं, ४९ जागांचं. पार्लमेंटसाठी बायकांना मत नव्हतं, पण या बोर्डासाठी घरपट्टी भरणाऱ्या बायका मत देऊ शकत होत्या आणि उभ्याही राहू शकत होत्या. मॅरिलबोन भागात गॅरेटबाईंचा गोरगरीब बायका-पोरांसाठी दवाखाना होता. तिथे येणाऱ्या बायकांचे नवरे, कष्टकरी माणसं, बाईंकडे आले आणि म्हणाले, तुम्ही उभ्या राहा. बाईंना सभेत बोलायची धास्ती! तरी राहिल्या उभ्या. २९ नोव्हेंबरला मतदान झालं आणि बाईंना मतं पडली ४७,८५८. अख्ख्या लंडनमध्ये एवढी कुणालाच नाहीत. त्याच भागातून शास्त्रज्ञ हक्स्लेही निवडून आला; त्याला १३,४९४.

आता तू हिशेबाची पक्की, म्हणून आधीच सांगते. तिथली मतदानाची तऱ्हा निराळी होती. मॅरिलबोनमधून सात जण निवडायचे, म्हणून प्रत्येकाला सात मतं, आणि वाटलं तर सातही एकाच उमेदवाराला टाकता येत. आपल्या ग्रामपंचायतीत वॉर्डात तीन जागा असल्या तर तिन्ही मतं एकालाच नाही देता येत, तिथे चालायचं. म्हणजे ४७,८५८ माणसं काही तिच्यामागे नव्हती. पण सातच्या सात मतं एकाच बाईच्या पदरात टाकणारी माणसं तिच्याकडे होती, आणि मला त्याचंच जास्त कौतुक वाटतं. ती काही प्रचाराच्या चार दिवसांत जमली नव्हती. पोरगं तापलं की ज्या दारात जायचं, ते दार त्यांना आधीपासून माहीत होतं. तुझ्या अंगणात संध्याकाळी गणितं घेऊन बसणारी पोरं कुणाची आहेत गं?

गंमत म्हणजे तिच्या प्रचार समितीचा प्रमुख जेम्स अँडरसन. फेब्रुवारी १८७१ मध्ये दोघांनी लग्नच केलं! बोर्ड तिने सोडलं नाही. १८७३ साली पहिली मुलगी झाली, आणि त्या वर्षीच्या निवडणुकीला मात्र ती उभी राहिली नाही. त्या पहिल्या बोर्डाचा अध्यक्ष कोण होता सांगू? लॉर्ड लॉरेन्स. जवळजवळ दोन वर्षांपूर्वीपर्यंत हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता तो. सर्वांत जास्त मतं बाईंना, खुर्ची लाटसाहेबाला. असो.

पुढे म्हातारपणी, १९०८ मध्ये, ती ऑल्डबरा या आपल्या समुद्रकाठच्या गावाची मेयर झाली. इंग्लंडमधली पहिली बाई मेयर. आणि डिसेंबर १९१७ मध्ये वारली. बायकांना पार्लमेंटसाठी मत देणारा कायदा झाला फेब्रुवारी १९१८ मध्ये. दोन महिने गं! लोकांनी तिला निवडून दिलं, पण खासदार निवडायला तिला आयुष्यात एकदाही मत देता आलं नाही.

माझं तुला ठाऊकच आहे. निम्म्या जागा बायकांच्या, म्हणून मलाही एका समितीत घेतलं होतं. बैठक कधी झाली ते कळायचंच नाही. शिपाई प्रोसिडिंगची वही घरी घेऊन यायचा, पेन्सिलीने बारीक फुली मारलेली असायची, तिथे सही करायची. पहिल्या वेळी मी कणीक मळत होते. हात पुसले आणि केली सही, वाचलंही नाही. दुसऱ्या वेळी वाचलं, तर "सर्वानुमते मंजूर" आणि खाली माझं नाव "उपस्थित" म्हणून. तरी केली. शिपाई उन्हात ताटकळत होता ना! त्या सहीची लाज मला अजून वाटते.

तर पालक सभेची तारीख कळव. मी आदल्या दिवशीच्या एस.टी.ने येते, मुक्कामाला. आणि निवडून आलीस की वही घरी आली तर शिपायाला चहा पाज, पण वही कोरी परत पाठव.

तुझीच,
मी