आधी समुपदेशकांना शिकवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इर्शाळवाडीच्या दुर्घटनेनंतर काही महिन्यांनी, तिथे बचावकार्याला गेलेला एक तरुण माझ्याकडे समुपदेशनासाठी आला होता. झोप लागत नाही, एवढेच सांगत होता. मी शिकले होते त्याप्रमाणे विचारले, "तिथे नेमके काय पाहिलेत?" तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मॅडम, सापडले ते सापडले. वर राहिले त्यांचं काय?" मला काही सुचले नाही. मी फॉर्मवरचा पुढचा प्रश्न विचारला. तो परत आला नाही. चूक माझी होती आणि ती मला अजून टोचते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळगडाखालच्या त्या वाडीवर दरड कोसळली. वर जायला पायवाट तेवढी, म्हणून जेसीबी पोहोचला नाही. पाऊस-धुक्यामुळे हेलिकॉप्टर उडाले नाही. एनडीआरएफचे (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे) जवान, अग्निशमन दल, गिर्यारोहक, आसपासचे गावकरी कुदळ-फावड्याने चिखल उपसत होते. २३ जुलैला शोध थांबला, तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. हातातले काम अर्धे टाकून डोंगर उतरावे लागलेल्या माणसाशी काय बोलायचे, हे मला कुणी शिकवले नव्हते.

आमच्या अभ्यासक्रमात परीक्षेचा ताण येतो, वैवाहिक कलह येतो, व्यसनमुक्ती येते. वर्दी आली की उठून पळणारा फायरमन किंवा १०८ रुग्णवाहिकेवरचा डॉक्टर येत नाही. दुर्घटनेनंतर सगळ्यांना एकदाच बसवून 'बोला, मोकळे व्हा' म्हणणे उपयोगाचे नाही. जागतिक आरोग्य संघटनाही ती पद्धत वापरू नका, असेच सांगते. आधी झोप, जेवण, घरच्यांशी बोलणे. महिना उलटूनही त्रास राहिला, तर मग मानसिक आघातावरचे रीतसर उपचार, आणि तेही शिकलेल्या माणसाकडूनच.

शिवाय भीती असते ती वेगळीच: साहेबांच्या कानावर गेले तर ड्युटी बदलतील, लोक 'मेंटल' म्हणतील. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. समुपदेशकाने तो पहिल्या पाच मिनिटांत सांगायला हवा. मी सांगितला नव्हता.

माझी मागणी साधी आहे. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आणि आमच्यासारख्या काम करणाऱ्यांना काही दिवस अग्निशमन केंद्रात, रुग्णवाहिकेवर, पुण्याजवळच्या सुदुंबरेच्या एनडीआरएफ बटालियनमध्ये बसू द्या. आघातोपचाराचे प्रशिक्षण अनुभवी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली द्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर फोन घेणाऱ्यांनाही त्यात सामील करा. रायगड जिल्ह्यातून सुरुवात होणार असेल, तर पहिल्या तुकडीत माझे नाव घालावे.

आपली,
एक समुपदेशक, पनवेल