हिग्स सापडला, पण आकड्यांचं काय?

प्रिय विलास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ‘२०१२ साली हिग्स बोसॉन सापडला, कणांना वस्तुमान कुठून येतं ते कळलं, मग आता तुम्ही लोक कशाच्या मागे आहात?’ असं विचारलंयस. नेहमीसारखा खवचटपणा आहेच, पण प्रश्न बरोब्बर दुखऱ्या जागी लागला.

वस्तुमान कसं मिळतं ते हिग्समुळे कळलं. किती मिळतं, ते नाही. अवकाशात सगळीकडे हिग्स क्षेत्र पसरलेलं आहे, हिग्स कण ही त्याचीच लहर. ज्या कणाची या क्षेत्राशी जोडणी जास्त घट्ट, तो जास्त जड. टॉप क्वार्क या सगळ्यात जड मूलकणासाठी हा जोडणीचा आकडा जवळजवळ १ आहे, इलेक्ट्रॉनसाठी साडेतीन लाखांत एक. का? सिद्धान्त गप्प. आकडे प्रयोगशाळेत मोजायचे आणि समीकरणात भरायचे. २०२० साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या सीएमएस प्रयोगात (आपल्या मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेची मंडळीही त्यात आहेत) हिग्स कण म्युऑनच्या (हे इलेक्ट्रॉनचं जड भावंड) जोडीत मोडत असल्याच्या खुणा दिसल्या. म्हणजे म्युऑनलाही वस्तुमान याच वाटेने मिळतं, असं दिसतंय. मात्र म्युऑन इलेक्ट्रॉनच्या २०७ पट आणि टाऊ हे तिसरं भावंड सुमारे ३४७७ पट जड का, हे तिथंच राहिलं. या तिघांचा विद्युतभार एकच, स्वभावही एकच, वजनं मात्र अशी!

मला सगळ्यात पटणारी कल्पना फ्रॉगॅट आणि नील्सन या भौतिकशास्त्रज्ञांची, १९७९ची. तू जन्मभर हिशेब तपासलेस, म्हणून तुझ्याच भाषेत सांगतो. समज, हलक्या कणांना हिग्सशी सरळ व्यवहार करायला एका नव्या सममितीने, म्हणजे निसर्गाच्या एका नियमाने, बंदी घातलीय. व्यवहार दलालांमार्फतच. प्रत्येक दलाल पाचातले चार हिस्से गिळतो, एकच पुढे सरकवतो. टॉपला दलाल लागतच नाही. इलेक्ट्रॉनच्या वाटेत आठ दलाल बसव. पाचाचा आठवा घात ३,९०,६२५. साडेतीन लाखांच्या किती जवळ आलो बघ! लाखांची दरी एक-आकडी संख्यांतून उभी राहते, हे मला फार देखणं वाटतं. पण दलाल आठच का? ते आपणच ठरवलेले. तुझ्यासारख्या ऑडिटरने ही नोंद लाल शाईने अडवली असती, आणि ते योग्यच झालं असतं.

१९९९मध्ये अर्कानी-हमेद आणि श्माल्ट्झ यांनी दुसरी वाट काढली. लांबी-रुंदी-उंचीपलीकडे एखादी जादा मिती असेल आणि कण तिच्यात वेगवेगळ्या जागी बसलेले असतील, तर अंतर थोडंसं वाढलं तरी जोडणी झपाट्याने कमी होते. इथेही जागा आपणच नेमायच्या. न्यूट्रिनो या विद्युतभार नसलेल्या कणाचं प्रकरण याहून वेगळं. तो इलेक्ट्रॉनपेक्षा निदान दहा लाख पट हलका आहे. त्याचा एक प्रचंड जड जोडीदार असेल आणि त्या वजनामुळेच हा इतका हलका राहत असेल, असं मानतात. तो जोडीदार अजून कोणाला दिसलेला नाही.

आता खरी गंमत. जपानच्या योशिओ कोइदे यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला इलेक्ट्रॉन, म्युऑन आणि टाऊ यांच्या वस्तुमानांना बांधणारं एक सूत्र मांडलं. तेव्हा टाऊचं मोजलेलं वस्तुमान सुमारे १७८४ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक) होतं आणि सूत्राला हवं होतं १७७७. सूत्रच चुकलं असेल, असं कोणीही म्हणालं असतं. पण १९९२मध्ये बीजिंगला नव्याने मोजमाप झालं आणि उत्तर १७७७च्या अगदी जवळ आलं! यामागे काय दडलंय, याचा सर्वमान्य खुलासा आजही नाही. बहुतेक जण योगायोग म्हणून सोडून देतात. बुद्धी मलाही तेच सांगते, पण मन काही ऐकत नाही.

तूच करून बघ. मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये तिघांचे आकडे: ०.५११, १०५.६६ आणि १७७६.९. आधी तिघांची बेरीज कर. मग प्रत्येकाचं वर्गमूळ काढ, त्या वर्गमुळांची बेरीज कर आणि तिचा वर्ग कर. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भाग. दोन तृतीयांशच्या किती जवळ येतं ते बघ, आणि तुला तो योगायोग वाटतो का, तेवढं कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनंत