सरत्या वर्षाच्या पानावर जेम्स हॅरिसन का नाहीत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या ३१ डिसेंबरच्या अंकातलं, २०२५ मध्ये निवर्तलेल्यांचं पान मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा तर ओळींवर बोट ठेवून, नजरेतून एखादं नाव सुटलं असेल म्हणून. पोप फ्रान्सिस आहेत, आपले नारळीकर सर आहेत, चिंपांझींत आयुष्य काढलेल्या जेन गुडॉल आहेत, धर्मेंद्र यांना तर फोटोसकट तीन कॉलम आहेत. कुणाच्या जागेबद्दल तक्रार नाही. धर्मेंद्र मलाही आवडायचे. पण ऑस्ट्रेलियातले रक्तदाते जेम्स हॅरिसन त्या पानावर नाहीत, आणि ते गेले १७ फेब्रुवारी २०२५ ला, म्हणजे याच वर्षात.

मार्चमध्ये ही बातमी कळली तेव्हा मी आपल्याला पत्र टाकलं होतं. ते छापून आलं नाही. अक्षर लागलं नसेल. केस पेपर भरून भरून आमचंही अक्षर डॉक्टरांच्या वळणावर जातं. म्हणून या वेळी नातीकडून टाईप करून घेते आहे आणि जरा सविस्तर सांगते आहे.

मी निवृत्त परिचारिका. ३३ वर्षं सरकारी नोकरी झाली, त्यातली १९ लेबर रूममध्ये.

हॅरिसन हे ऑस्ट्रेलियातले रेल्वेचे कारकून. १९३६ चा जन्म. चौदाव्या वर्षी छातीचं मोठं ऑपरेशन झालं, एक फुप्फुस काढावं लागलं. तेव्हा अनोळखी लोकांच्या रक्ताच्या १३ बाटल्या चढवून पोरगा वाचवला. वडीलही रक्त देणारे. पोरानं ठरवून टाकलं की अठरा पूर्ण झाली की आपणही द्यायचं. १९५४ पासून द्यायला लागले ते थेट मे २०१८ पर्यंत. तेव्हा वय ८१, तिथल्या तेव्हाच्या नियमात त्यापुढं घेत नसत म्हणून थांबले. एकूण ११७३ वेळा. त्यातल्या ११६३ वेळा उजव्या हातातून आणि फक्त १० वेळा डाव्या. आणि एवढ्या वेळांत सुई टोचताना त्यांनी हाताकडं एकदाही पाहिलं नाही म्हणे. भीती वाटायची! मी जन्मभर बायकांना ‘इकडं बघू नका, खिडकीकडं बघा’ म्हणत सुया टोचल्या. त्यामुळं हा साता समुद्रापलीकडचा गृहस्थ मला एकदम वॉर्डातला वाटला.

पण नुसतं खूप वेळा रक्त दिलं म्हणून मी हे पत्र लिहिलं नसतं. त्यांच्या रक्तात अँटी-डी नावाचा घटक भरपूर होता. ते काय, हे आपल्या वाचकांतल्या निदान बायकांना कळायला हवं.

आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असला की पहिलं बाळंतपण बहुधा सुखरूप पार पडतं. वार सुटताना बाळाचं थोडंसं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईच्या शरीराला ते परकं वाटतं, मग ते त्याच्याविरुद्ध हत्यारं करून ठेवतं. पहिलं मूल तोवर पाळण्यात पोचलेलं असतं, त्याला काही होत नाही. पुढच्या वेळी पुन्हा पॉझिटिव्ह बाळ पोटात राहिलं की तीच हत्यारं वारेतून बाळापर्यंत जातात आणि त्याच्या तांबड्या पेशी फोडत सुटतात. बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत आईला अँटी-डी टोचलं, तर बाळाच्या त्या चुकार पेशी तिच्या शरीराला ओळख पटण्याआधीच निकालात निघतात. हल्ली सातव्या महिन्यातही एक देतात. हे औषध कारखान्यात रसायनं घोटून सापडलेलं नाही. ते माणसाच्या रक्तातून काढलं, आणि ज्यांच्या रक्तात ते पुरेसं आहे अशी माणसं सगळ्या ऑस्ट्रेलियात दोनशेसुद्धा नव्हती. हॅरिसन त्यांतले पहिल्या फळीतले. त्यांच्या जिवाचा दहा लाख डॉलरचा विमा उतरवला होता. तिथल्या रक्तसेवेच्या हिशेबानं २४ लाख बाळांना त्यांच्या रक्ताचा उपयोग झाला. त्यांच्या स्वतःच्या मुलीलाही ते इंजेक्शन लागलं होतं.

आता आमच्याकडचं सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका वाडीवरची बाई आली होती, तिसरी खेप. पहिली मुलगी घरीच सुईणीनं सोडवलेली, धडधाकट. दुसरं मूल जन्मल्या दिवशीच हळद फासल्यासारखं पिवळं झालं आणि तिसऱ्या दिवशी गेलं. हे तिसरं आमच्या हातात आलं ते सुजलेलं, निपचित. रडलंच नाही. व्हरांड्यात सासू बसलेली, ती शेजारणीला सांगत होती, हिची कूसच तसली, बाहेरचं काहीतरी आहे. तिचा रक्तगट कुणी कधी बघितलाच नव्हता. मी ब्लड बँकेतून कागद आणला, त्यावर ‘निगेटिव्ह’ लिहिलेलं. तो हातात धरून मी दारात उभी राहिले. आता सांगायचं कुणाला आणि कशासाठी? एकदा शरीरानं ओळख धरली की मग अँटी-डीचा काही उपयोग नसतो.

दुसरी गोष्ट १९९६ च्या पावसाळ्यातली. सोमवारी रात्री अकराला मुलगी झाली, आई बी निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह. आमच्याकडचा साठा संपलेला. मिरजेला मिळेल असं कळलं. नवरा मार्केट यार्डात हमाली करणारा. त्या इंजेक्शनची तेव्हाची किंमत त्याच्या महिन्याच्या कमाईत बसत नव्हती. दोन दिवस तो पैशांसाठीच फिरला. गुरुवारी सकाळी निघाला तेव्हा आमच्या वॉर्डातल्या मावशींनी आपला चहाचा थर्मास त्याला दिला आणि मी बजावलं, खाली बर्फ घाल, पण डबी कापडात गुंडाळ, बर्फाला थेट लागू देऊ नको, गोठलं की वाया. एसटीनं गेला, एसटीनं आला. सात वाजता हजर. अंगावरचा सदरा ओला, पण थर्मास इरल्यात गुंडाळून आणलेला. आत खरोखरच रुमालात बांधलेली डबी होती आणि त्या रुमालाला चहाचा वास येत होता. मी घड्याळ बघितलं, ६८ तास झाले होते. टोचलं. तो विचारत होता, एवढ्याशा बाटलीत असतंय तरी काय? मी सांगितलं, कुणाचं तरी रक्त. त्यावर तो म्हणाला, ‘कुणाचं?’ मला सांगता आलं नाही.

त्या बाटलीत हॅरिसन यांचं रक्त नव्हतं, हे मी जाणते. त्यांचं ऑस्ट्रेलियातल्या बायकांसाठी होतं. ते त्यांच्यासारख्याच दुसऱ्या कुणाचं तरी असणार, ज्याचं नाव कुठल्याच पानावर येणार नाही. म्हणून तर ज्याचं नाव माहीत आहे त्याचं तरी यावं.

दोन वर्षांनी तीच बाई दुसऱ्या खेपेला आली. मुलगा झाला. मी केस पेपरवर लिहिलं: अपगार ८, ९. म्हणजे जन्मल्यावर एका मिनिटानं दहापैकी आठ गुण आणि पाचव्या मिनिटाला नऊ. रंग, हृदयाचे ठोके, डिवचल्यावर रडतं का, हातपाय हलवतं का, श्वास कसा आहे, प्रत्येकाला शून्य ते दोन. हे ‘अपगार’ मी हजारो वेळा लिहिलं असेल. ते कसलं तरी इंग्रजी लघुरूप आहे अशी माझी पक्की समजूत होती, ती निवृत्तीनंतर दूर झाली. व्हर्जिनिया अपगार ही बाई होती, न्यूयॉर्कमधली भूलतज्ज्ञ. १९५३ साली तिनं ही पद्धत प्रसिद्ध केली आणि ७ ऑगस्ट १९७४ ला ती गेली. तिला वाद्यं तयार करण्याचा भारी नाद. व्हायोलाच्या पाठीसाठी हवं तसं लाकूड तिच्याच इस्पितळाच्या टेलिफोन बूथमधल्या फळीत दिसलं, तर मैत्रिणीला घेऊन रात्री गेली, फळी काढली आणि तिच्या जागी दुसरी बसवून आली. अशी बाई आमच्या इनचार्ज असती तर काय मजा आली असती!

अँटी-डी टोचायची कल्पना ज्यांना सुचली त्यांपैकी लिव्हरपूलचे डॉक्टर सिरिल क्लार्क तर फुलपाखरं पाळणारे. फुलपाखरांच्या पंखांवरचे ठिपके पिढ्यांपिढ्या कसे उतरतात ते बघता बघता माणसाच्या रक्तगटाकडं वळले. असं सांगतात की बायकोनं त्यांना मध्यरात्री उठवून ‘त्या बायकांना अँटी-डीच द्या की’ म्हटलं आणि हे वैतागून पुन्हा झोपले. न्यूयॉर्कमध्येही त्याच सुमाराला दुसरी मंडळी त्याच वाटेवर होती. १९६८ मध्ये औषध वापरात आलं. क्लार्क २००० साली वारले.

आपण म्हणाल, ही नावं वाचकांना ठाऊक नसतात, मग छापून काय उपयोग. मला हे उलटं वाटतं. ‘जलसंजीवनी’ हा शब्द महाराष्ट्रात कुठल्या घरात ठाऊक नाही? अंगणवाडीतलं पोरही पुडी ओळखतं. पण १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत सलाईन संपल्यावर साखर, मीठ आणि सोडा पाण्यात कालवून, पिंपांना तोट्या लावून, रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हातानं ते पाजणारे डॉ. दिलीप महालनबीस किती जणांना ठाऊक आहेत? कॉलऱ्यानं शंभरातले तीस दगावत होते, ते प्रमाण चाराच्या खाली आलं. लीटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, बस. ते १६ ऑक्टोबर २०२२ ला कोलकात्यात वारले. पद्मविभूषण जाहीर झालं ते पुढच्या जानेवारीत. त्या दिवशी पद्म पुरस्कारांच्या यादीत त्यांचं नाव होतं, म्हणून छापलं गेलं. घरच्याच माणसाची तीच गत. दुर्मिळ ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’चा दाता कुठून कुठं धावला याची बातमी आपल्याकडं येते, यायलाच हवी, पण १९५२ साली मुंबईत तो गट शोधणाऱ्या डॉ. वाय. एम. भेंडे यांचं नाव त्या बातमीत मी तरी कधी वाचलेलं नाही.

आमच्या घरी पेपर आला की सासरे आधी निधनाचं पान उघडायचे. हातात पेन्सिल. दहाव्याला कुठं जायचं, कुणाकडं नुसतं भेटून यायचं, त्याच्या खुणा. मला तेव्हा ती सवय अशुभ वाटायची. आता तेच पान मी आधी उघडते. त्या पानावरच्या माणसांशी आपलं काही देणंघेणं होतं, म्हणून तर आपण ते वाचतो. लेबर रूममधून सुखरूप घरी गेलेल्या निगेटिव्ह गटाच्या बाईचं हॅरिसनसारख्यांशी देणंघेणं आहे, फक्त तिला ते कुणी सांगितलेलं नाही.

मार्चमध्ये मी शेजारच्या मुलीला मटार सोलता सोलता हे सगळं सांगितलं. तिला पाचवा महिना होता. तिनं दुसऱ्या दिवशी फाईल काढून आपला गट बघितला. ए पॉझिटिव्ह निघाला, म्हणजे तिचा या प्रकरणाशी काही संबंध नाही. पण तिनं गावाकडच्या जावेला फोन करून विचारलं, तिचा कुणी तपासलाच नव्हता. तो तपासून घेतला, एवढं मला कळलं.

येत्या १७ फेब्रुवारीला हॅरिसन यांना जाऊन वर्ष होईल. आपल्या पेपरात पुण्यस्मरणाच्या चौकटी असतात, त्यांचे पैसे पडतात हे ठाऊक आहे. ती चौकट मी मागत नाही. बातमीच्या पानावर चार ओळी द्याव्यात, त्यांत ७२ तासांचा उल्लेख यावा, ‘रक्तदात्याचा विक्रम’ एवढ्यावर भागवू नये. विक्रम २०२२ मध्ये मोडलाही आहे. फोटो हवा असेल तर मे २०१८ मधला घ्यावा, शेवटच्या रक्तदानाचा. म्हातारबुवा खुर्चीत बसलेत आणि डोक्यावर १, १, ७, ३ असे चार चंदेरी फुगे तरंगताहेत.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
कराड