चौघं म्हणजे चौघंच

धरमपेठ, नागपूर
१४ डिसेंबर २०२५

प्रिय संज्या,

हेवी मेटल बँड ब्लॅक सॅबथचा गायक ऑझी गेला तेव्हा तुझा फोन आला होता आणि आपण दोघंही धड बोललो नाही. ते बोलणं राहिलंच. आता इकडे थंडी पडली आहे आणि मी रोज रात्री त्यांचा लाइव्ह अल्बम ‘रीयुनियन’ ऐकून राहिलो. तू म्हणशील, काहून बे, जुने स्टुडिओ अल्बम संपले का? नाही संपले. पण हा तू ऐकलाच पाहिजे, कारण तू ड्रमर आहेस.

तो रेकॉर्ड झाला ४ आणि ५ डिसेंबर १९९७ ला, बर्मिंगहॅमच्या एनईसी सभागृहात. ऑझीला बँडनं १९७९ मध्ये काढलं, पुढच्या वर्षी ड्रमर बिल वॉर्डही बाहेर पडला. १९८५ च्या लाइव्ह एड या मदत-मैफिलीसारख्या ठिकाणी ऑझी, वॉर्ड, गिटारवाला टोनी आयोमी आणि बासवाला गीझर बटलर हे मूळ चौघं दोन-चार गाण्यांपुरते एकत्र आले, तेवढंच. १९९७ च्या उन्हाळ्यात पुन्हा जमले तर ड्रमवर वॉर्डच्या जागी माइक बॉर्डिन. वॉर्ड आला तो या दोन रात्रींना, थेट बँडच्या मूळ गावात.

आणि काय वाजवतो रे! पहिलंच गाणं ‘वॉर पिग्ज’. गिटार थांबते, नुसती हाय-हॅटची झांज चालू राहते, तिच्यावर ऑझी एकेक ओळ टाकतो आणि सगळं सभागृह ती उचलतं. वॉर्ड लहानपणापासून जॅझ ऐकत वाढला, ते तिथं कळतं. तो नुसता ठेका धरत नाही, ओळीला जबाब देतो, जरा रेंगाळतो, मग धावून समेवर येतो. ऑझीचा आवाज तरुणपणीचा राहिलेला नाही, पण या तिघांच्या मध्ये उभा राहिला की त्याला बळ येतं.

तुझे बाबा हिंगणा एमआयडीसीत प्रेस मशीनवर होते, म्हणून टोनी आयोमीचं तुला सांगतो. सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, मशीनखाली त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची तीच बोटं. कारखान्यातल्या फोरमननं त्याला जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून दिली. तोही भाजलेल्या हातानं, दोन बोटांवर वाजवायचा. मग आयोमीनं प्लॅस्टिकची बाटली वितळवून टोप्या केल्या, वर चामडं लावलं, पातळ तारा चढवल्या. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ अल्बममध्ये तर काही गाण्यांना गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. तारा सैल पडल्या, बोटांना आराम मिळाला आणि आवाज जड झाला. ते जडपण एका कामगाराच्या दुखऱ्या बोटांतून आलं आहे, हे मला फार मोठं वाटतं.

दुसऱ्या सीडीवर ‘ब्लॅक सॅबथ’ हे गाणं अंधारात ऐक. सा, वरचा सा, आणि मग तीव्र मध्यमावर थरथर. यमनात हाच स्वर किती गोड लागतो, आणि इथं पंचमाचा आधार नाही तर अंगावर काटा येतो. शेवटी जोडलेली दोन नवी स्टुडिओ गाणी नसती तरी चाललं असतं.

२०१७ चा निरोपाचा कार्यक्रम वॉर्डशिवाय झाला. सफाई होती, पण ते रेंगाळणं नव्हतं. यंदा ५ जुलैला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क स्टेडियमवर मात्र वॉर्ड होता. ऑझी बसून गायला, चार गाणी, चौघं. २२ जुलैला ऑझी गेला.

म्हणून सांगतो, जानेवारीत ये. बाळ्या बास घेऊन तयार आहे, मीही रियाज पुन्हा धरला आहे. दुसऱ्या कोणाला ड्रमवर बसवू असं बाळ्या एकदा म्हणाला, मी साफ नाही म्हटलं. तू नसशील तर मला वाजवायचंच नाही. तुझं किट आमच्या वरच्या खोलीत आहे, स्नेअरचं कातडं नवीन घालून ठेवतो.

वहिनीशी बोलून घे, काकूंना नमस्कार सांग. तिकीट काढलं की कळव, स्टेशनवर मी येतो.

तुझा,
विज्या