शाळा सुटली, टॅब बंद?

महोदय,

शाळेने दिलेले टॅब शाळा सुटल्यावर आपोआप बंद व्हावेत, अशी मागणी पालकसभांत वारंवार होते. मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आठवीच्या मुलांना टॅब द्यायला सुरुवात केली, तेव्हा चर्चा दप्तराच्या ओझ्याची होती. आता ती रात्री पांघरुणाखाली चालणाऱ्या गेमची आहे. मागणी रास्तच आहे. पण काय बंद करायचे हे न ठरवता सरसकट कुलूप घातले, तर बालभारतीचे पुस्तक तेवढे बंद होते आणि गेम दुसऱ्या वाटेने चालूच राहतो.

मुळात ‘शाळेची वेळ’ कोणती? मुंबईत एकाच इमारतीत सकाळ आणि दुपार अशी दोन सत्रे भरतात. सगळ्या टॅबना सकाळी ७ ते सायंकाळी ६ असा एकच नियम लावला, तर सकाळच्या मुलांना दुपारभर रान मोकळे. १२.३० ला बंद केले, तर दुपारच्या वर्गात टॅब तासालाच मुका. म्हणून नोंदणी करतानाच सत्रानुसार दोन गट करावे लागतात आणि दर जूनमध्ये ते तपासावे लागतात. सत्र बदललेल्या मुलाचा टॅब जुन्याच गटात राहून जातो, ही नेहमीची चूक.

दुसरे म्हणजे, दहा बाय दहाच्या खोलीत अभ्यासाला जागा मिळते ती जेवणे उरकून टीव्ही बंद झाल्यावर. सायंकाळी ७ ला टॅब बंद केला तर नेमके अभ्यास करणारे मूल अडते. त्यामुळे आमच्या मते दिवसाचे तीन टप्पे ठरवावेत. शाळेत शिक्षकांनी निवडलेलीच ॲप. शाळा सुटल्यापासून रात्री १०.३० पर्यंत पाठ्यपुस्तके, ‘दीक्षा’ हे सरकारी अभ्यास-ॲप, शब्दकोश, वही आणि मोजकी संकेतस्थळे. ॲप स्टोअर व मोकळा ब्राउझर बंद. रात्री १०.३० ते पहाटे ५.३० इंटरनेट पूर्ण बंद, पण उतरवून ठेवलेली पुस्तके उघडी. (इतिहासाचे पुस्तक वाचत कोणी जागलेच, तर जागू द्यावे.) दहावीच्या गटाला जानेवारीपासून तासभर वाढवून द्यावा.

हे सारे कुलूप कोणत्या पातळीवर बसते यावर अवलंबून आहे. एखादे ‘पालक नियंत्रण’ ॲप नेहमीसारखे टाकले, तर मूल ते काढून टाकते. लॉस एंजेलिसच्या शाळांनी २०१३ मध्ये आयपॅड वाटले, तेव्हा काही दिवसांतच सुमारे ३०० विद्यार्थ्यांनी शाळेचे नियंत्रण ठेवणारे व्यवस्थापनाचे प्रोफाइल पुसून टाकले आणि टॅब घरी न्यायची परवानगीच थांबवावी लागली. अँड्रॉइडवर व्यवस्थापनाचे ॲप ‘डिव्हाइस ओनर’ म्हणजे टॅबचा पूर्ण ताबा असलेले ॲप म्हणून बसवावे लागते. त्यासाठी टॅब फॅक्टरी रीसेट करून कोरा करायचा, स्वागताच्या पहिल्या पडद्यावर एकाच जागी सहा वेळा टिचकी मारायची, वाय-फाय जोडायचे आणि क्यूआर कोड स्कॅन करायचा. त्याआधी कोणी आपले जीमेल खाते टाकले असेल तर पुन्हा रीसेट. अँड्रॉइड ७ च्या आधीच्या टॅबवर ही पद्धत चालत नाही. जुन्या साठ्यातले टॅब म्हणूनच वेगळे काढावेत.

यानंतर फटी बुजवायच्या. मुले पहिल्यांदा हात घालतात तो घड्याळाला: तारीख-वेळ बदलली की रात्रीचे ११ सकाळचे ११ होतात. त्यामुळे वेळ नेटवर्कवरूनच घेण्याची सक्ती करावी. बॅटरी पूर्ण उतरून आठवडाभर पडून राहिलेल्या स्वस्त टॅबची तारीख आपोआपच मागे जाते आणि भर वर्गात टॅब ‘रात्र झाली’ म्हणून अडून बसतो. तो वाय-फायला जोडला की सुधारतो, बिघडला म्हणून दुरुस्तीला पाठवू नये. सेफ मोड (बाहेरून टाकलेली ॲप न चालवता टॅब सुरू करणे), दुसरा वापरकर्ता, यूएसबी डीबगिंग (संगणक जोडून टॅबला आदेश देणे), बाहेरच्या फाइलमधून ॲप टाकणे आणि व्हीपीएन (गाळणी चुकवणारी आडवाट) या पाचही सोयी बंद कराव्यात. सेटिंगमधला रीसेट बंद केला तरी पॉवर व आवाजाचे बटण दाबून होणारा रीसेट अनेक टॅबवर शिल्लक राहतो. त्यावर उपाय ‘झीरो टच’ नोंदणी: पुसलेला टॅब इंटरनेटला जोडताच पुन्हा शाळेच्या ताब्यात येतो. मात्र ही नोंदणी अधिकृत विक्रेताच करतो, तेव्हा अट निविदेतच हवी. खरेदी झाल्यावर विक्रेत्याच्या मागे धावणे म्हणजे वरातीमागून घोडे.

शाळेच्या वाय-फायवरची, नको ती संकेतस्थळे अडवणारी गाळणी घरी उपयोगाची नाही. तिथे बाबांच्या मोबाइलचा हॉटस्पॉट असतो. अँड्रॉइड १० व पुढच्या टॅबवर गाळणी करणारा ‘प्रायव्हेट डीएनएस’ (संकेतस्थळाचा पत्ता शोधून देणारी ठरावीक सेवा) व्यवस्थापनातून सक्तीने बसवता येतो, मग सिम असो वा हॉटस्पॉट, गाळणी सोबतच जाते. तरीही परवानगी दिलेल्या ॲपमधील ‘मदत’ किंवा जाहिरातीच्या दुव्यातून छोटा ब्राउझर उघडतो. म्हणून प्रत्येक ॲपचा प्रत्येक दुवा आधी दाबून पाहावा.

वेळापत्रक टॅबवरच साठवलेले असावे. सर्व्हरवरून रोज ‘बंद हो’ असा आदेश पाठवणारी व्यवस्था इंटरनेट नसलेल्या घरात पोहोचतच नाही. उलट पावसामुळे सकाळी ६ ला सुट्टी जाहीर झाली, तर तो बदल टॅबपर्यंत जायला इंटरनेट लागते. त्यामुळे शाळेच्या वेळेतही पाठ्यपुस्तके कधीच बंद नसावीत. गणपती, दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्ट्या वर्षाच्या सुरुवातीलाच भराव्यात.

‘शाळेबाहेर गेला की बंद’ असे जीपीएसवर चालणारे कुंपण काही कंपन्या विकतात. धारावी किंवा लालबागमध्ये शाळेची भिंत संपते तिथे घर सुरू होते, आणि इमारतींच्या आत जीपीएस कित्येक मीटर चुकते. हे कुंपण मुंबईत चालत नाही. शिवाय मूल कुठे आहे याची नोंद शाळेने ठेवावीच कशाला? अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील लोअर मेरियन शाळा मंडळाने चोरी शोधण्याच्या यंत्रणेतून लॅपटॉपच्या कॅमेऱ्याने मुलांची घरातली छायाचित्रे घेतली. २०१० मध्ये प्रकरण न्यायालयात गेले आणि ६ लाख १० हजार डॉलर देऊन मिटवावे लागले. कॅमेरा व ठिकाण दुरून सुरू करण्याचे अधिकार टॅब व्यवस्थापनाच्या खात्यातून काढूनच टाकावेत. टॅबमधून कोणती माहिती गोळा होते, हे एका पानावर साध्या मराठीत लिहून पालकांची सही घ्यावी.

टॅब शाळेतच ठेवावेत, असेही काही जण सुचवतात. ४० टॅब प्रत्येकी १० वॅटने चार्ज केले तर भार जेमतेम ४०० वॅट. धोका आहे तो एकात एक खोचलेल्या एक्स्टेन्शन बोर्डांचा, सैल पिनांचा. त्यासाठी चार्जिंगचे कपाट लागते. आणि घरात दुसरा पडदा नसलेल्या मुलाचा अभ्यास थांबतो, तो वेगळाच.

नवी तुकडी वाटण्याआधी कुलूप लावलेले पाच टॅब नववीतल्या पाच चळवळ्या मुलांच्या हाती दोन दिवस द्यावेत आणि कोणी काय उघडले ते लिहून काढावे. विक्रेत्याचे बिल त्यानंतर मंजूर करावे.

शाळांतील टॅब व्यवस्थापन पाहणारे काही शिक्षक व तंत्रज्ञ,
मुंबई