पट्ट्यातले गुंठे गेले कुठे?

मा. आदिवासी विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

वनपट्टा, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीच्या हक्काचा कागद, वाटला की दावा निकाली निघाला, अशी नोंद होते. पण पट्ट्यावरचं क्षेत्र प्रत्यक्ष वहिवाटीपेक्षा कमी असेल, तर तो दावा निम्माच मंजूर झालेला असतो. वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली जमीन, चार हेक्टरच्या मर्यादेत, जितकी ताब्यात आहे तितकी द्यायची आहे. त्यात काटछाट करायची मुभा कुणालाच नाही.

गुंठे जातात ते आधी मोजणीत. हातातल्या जीपीएस यंत्राची मोकळ्या माळावरही तीन-पाच मीटरची चूक होते. सागाच्या छायेत किंवा दरीच्या कडेला ती वाढते. ४५ मीटर लांब आणि तितकाच रुंद तुकडा म्हणजे २० गुंठे. मोजणारा चारही बांधांपासून पाच-पाच मीटर आतून चालला, तर ३५ बाय ३५ उरतं, म्हणजे जेमतेम १२ गुंठे. आठ गुंठ्यांची नाचणी कागदावरून गेली! शिवाय उतारावरचा बांध वळणावळणाचा असतो. चार कोपऱ्यांचेच बिंदू घेतले, की बाहेर फुगलेला भाग सरळ रेषेत कापला जातो. दावेदार बांधावरून पुढे, यंत्र त्याच्या मागे, प्रत्येक वळणावर बिंदू आणि निघालेलं क्षेत्र तिथेच वाचून दाखवायचं, एवढं केलं तरी निम्म्या तक्रारी उरणार नाहीत.

दुसरी कात्री उपग्रह नकाशाची. डोंगरउतारावरची वरकस जमीन दोन-तीन वर्षं नाचणी-वरईखाली असते, मग पड टाकतात. पडीच्या वर्षीच्या छायाचित्रात तिथे झुडपं दिसतात आणि 'ताबा नाही' असा शेरा पडतो. वनहक्क कायद्याच्या नियमांतला नियम १२-अ स्पष्ट सांगतो, की असं तंत्रज्ञान पुराव्याला पूरक म्हणून वापरायचं, पुराव्याच्या जागी नव्हे. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हाही नियम १३ प्रमाणे पुरावाच आहे, तरी तो बाजूला ठेवला जातो. पडताळणीला वन खात्याचा माणूस आला नाही आणि नंतर हरकत घेतली, तर दावा ग्रामसभेकडे परत पाठवायचा असतो. दुसऱ्यांदाही तो माणूस आला नाही, तर पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम. हा नियम दावे तपासणाऱ्या किती उपविभागीय समित्या वापरतात, ते आपण जरूर तपासावं.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र न मिळालेल्या कागदामुळे होतं. दावा फेटाळला किंवा क्षेत्र कमी केलं, तर तो निर्णय दावेदाराला व्यक्तिशः कळवायचा असतो. तिथून ६० दिवसांत दाद मागता येते. प्रत्यक्षात निर्णय तहसील कचेरीच्या फलकावर लागतो किंवा ग्रामपंचायतीच्या दप्तरात राहतो. पट्टा हातात आल्यावर क्षेत्र कमी असल्याचं कळतं, तोवर मुदत संपल्याचं सांगितलं जातं. ज्याला निर्णय कळवलाच नाही, त्याची मुदत सुरू कशी झाली? 'पुराव्याअभावी' या एका शब्दाला कारण म्हणता येत नाही. कोणता पुरावा, कशासाठी अपुरा, हे लिहायलाच हवं.

सातबाऱ्याचंही तेच. पट्टा दिल्यावर जास्तीत जास्त तीन महिन्यांत महसूल आणि वन अभिलेखात नोंद व्हायला हवी, तीही नवरा-बायको दोघांच्या नावे. नोंद नसेल तर ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, अडते, आणि पुढे आधारभूत किमतीच्या सरकारी खरेदी केंद्रावर भात घालतानाही अडतं.

आपल्याकडून एक लेखी आदेश हवा आहे. दाव्यापेक्षा कमी क्षेत्र दिलेल्या प्रत्येक पट्ट्याची यादी जिल्हाधिकाऱ्यांनी ग्रामसभेत वाचावी, कारणासह निर्णय दावेदाराच्या हाती देऊन सही किंवा अंगठा घ्यावा आणि ६० दिवस त्या तारखेपासून मोजावेत. फेरमोजणी दसरा-दिवाळीच्या सुमारास ठेवावी. तेव्हा नाचणी-वरई उभी असते, आणि शेत कुठून कुठवर आहे ते पिकावरूनच दिसतं.

आपले,
वनहक्क दाव्यांचं काम करणारे कार्यकर्ते